तीन पानं एकत्र वाचताना अर्थ का फिसकटतो : गोल्डन डॉनचं बलाबल आणि मोजणी

प्रश्न थोडक्यात असा. रायडर-वेट या टॅरो डेकच्या ७८ पानांचे सुटे अर्थ पाठ आहेत, एक पान काढलं तर बोलता येतं, पण तीन पानं शेजारी ठेवली की एक होय म्हणतं, दुसरं नाही म्हणतं आणि तिसरं भलतंच काही सांगतं. उलटी, म्हणजे डोकं खाली करून आलेली पानं धरली तर गोंधळ दुप्पट. जुन्या गूढपंथी पद्धतीत उलटी पानं वाचतच नाहीत, तत्त्वांवरून आणि मोजणीवरून वाचतात, असं कानावर आलंय. ती पद्धत नेमकी काय, आणि कुंडलीची तोंडओळख असेल तर तिचा उपयोग होतो की अडचण?

उपयोगही होतो आणि अडचणही. अडचण कुठे होते ते खाली वेळोवेळी सांगतो.

आधी ही पद्धत कुठली ते बघू. टॅरो हा १५व्या शतकात उत्तर इटलीत तयार झालेला पत्त्यांचा खेळ. त्यात इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलंय ही कल्पना १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने मांडली. तिला पुरावा कधीच मिळाला नाही, पण तिथून टॅरोचा गूढपंथी प्रवास सुरू झाला. १८५०च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने २२ मेजर पानं (फूल, मॅजिशियन, टॉवर अशी नावाची, सूट नसलेली पानं) हिब्रूच्या २२ अक्षरांना जोडली. १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढपंथी मंडळाने त्यावर राशी, ग्रह आणि तत्त्वं यांची पक्की चौकट बसवली. मंडळाच्या आत फिरणाऱ्या ‘बुक टी’ या हस्तलिखितात बलाबल (शेजारच्या पानांमुळे पानाचा जोर वाढणं-घटणं) आणि मोजणी (एका पानावरून ठराविक आकडा मोजत दुसऱ्यावर जाणं), दोन्हींचे नियम आहेत. ए. ई. वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ दोघंही याच मंडळातले. त्यांचा डेक, म्हणजेच रायडर-वेट, १९०९चा. वेटने लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मात्र उलट्या पानांचे अर्थ दिले आणि बलाबल वगळलं. म्हणजे तुमच्या हातातला डेक ज्या पद्धतीच्या चौकटीत तयार झाला, ती पद्धत तुम्हाला शिकवलीच गेली नाही. गोंधळाचं निम्मं कारण हेच.

आता मूळ नियम. डेकमध्ये चार सूट, म्हणजे साध्या पत्त्यांतल्या इस्पिक-बदामसारखे चार गट: वाँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. अग्नी उष्ण-कोरडा, वायू उष्ण-ओला, जल थंड-ओलं, पृथ्वी थंड-कोरडी. ही ग्रीकांची जुनी वाटणी आहे. ज्या दोन तत्त्वांत एक गुण सामाईक ती मित्र, ज्यांत एकही सामाईक नाही ती शत्रू. एवढं लक्षात ठेवलं की तक्ता पाठ करावा लागत नाही: अग्नी आणि जल शत्रू, वायू आणि पृथ्वी शत्रू, बाकी सगळ्या जोड्या मित्र. एकाच सूटची दोन पानं एकमेकांना सगळ्यात जास्त बळ देतात.

आयुर्वेद वाचलेला माणूस इथे पहिल्यांदा ठेचकाळतो. आपल्याकडे वात रूक्ष आणि शीत. इथला वायू उष्ण आणि ओला. आपला वात इथे लावला तर स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स मित्र होऊन बसतात आणि सगळंच उलटं निघतं.

तीन पानांत मधलं पान हा विषय, बाजूची दोन त्याच्यावर काम करतात. आधी बाजूची दोन पानं एकमेकांशी कशी आहेत ते बघायचं, मग मधल्याशी. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात आणि मग वेगवेगळ्या निकालांत अडकतात.

सिक्स ऑफ वाँड्स मधे धरू. बुक टीत त्याचं नाव ‘विजय’. बाजूला नाइन ऑफ वाँड्स आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स आली तर अग्नीला अग्नी आणि वायू मिळाले: विजय जोरदार, भले त्यात कुणाचं मन दुखावलं असेल. बाजूला टू ऑफ कप्स आणि टेन ऑफ कप्स आली तर दोन्हीकडून पाणी: विजय नावापुरता, कारण माणसाचं लक्षच स्पर्धेत नाही, घरात आहे. बाजूला टू ऑफ कप्स आणि सेव्हन ऑफ स्वोर्ड्स असेल तर जल मारक, पण वायू दोघांचाही मित्र असल्यामुळे तो मध्यस्थ होतो; पान बऱ्यापैकी बळकट राहतं, रंग मात्र दोन्हींचा घेतं. आणि बाजूला फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स व टेन ऑफ पेंटॅकल्स असतील तर ती आपसातच भांडतात, मधल्या पानाला फारसं शिवत नाहीत. तेव्हा सिक्स ऑफ वाँड्स एकट्याचा अर्थ जसाच्या तसा वाचायचा.

दुबळं म्हणजे वाईट असं मात्र समजू नका. टेन ऑफ वाँड्स हे पान ‘जाच’ सांगतं. ते दोन कप्समध्ये सापडलं तर जाच दुबळा झाला, म्हणजे पृच्छकासाठी (प्रश्न विचारणाऱ्यासाठी) चांगलीच बातमी. बलाबल पानाचा आवाज किती मोठा ते ठरवतं. तो काय बोलतोय ते पानाकडूनच घ्यायचं. उलट्या पानांची गरज इथे संपते. दोन्ही पद्धती एकत्र चालवल्या तर एकच पान एकीकडून बळकट आणि दुसरीकडून उलटं निघतं, आणि मग वाचणारा आपल्याला हवं ते निवडतो. तेव्हा पिसताना सगळी पानं एकाच बाजूने वर राहतील याची काळजी घ्या. टेबलावर पसरून गोल फिरवत मिसळण्याची सवय असेल तर ती सोडा.

मेजर पानांचं तत्त्व काढायला जरा जास्त माहिती लागते. तीन पानं थेट तत्त्वांची: द फूल वायू, हँग्ड मॅन जल, जजमेंट अग्नी. बारा पानं राशींची: एम्परर मेष, हायरोफंट वृषभ, लव्हर्स मिथुन, चॅरियट कर्क, स्ट्रेंग्थ सिंह, हर्मिट कन्या, जस्टिस तूळ, डेथ वृश्चिक, टेम्परन्स धनू, डेव्हिल मकर, स्टार कुंभ, मून मीन. राशींची तत्त्वं आपल्या पंचांगासारखीच आहेत, तिथे अडचण नाही. जुन्या मार्सेय डेकमध्ये जस्टिस ८ आणि स्ट्रेंग्थ ११ आहे. राशींच्या क्रमात सिंह आधी आणि तूळ नंतर यावी म्हणून गोल्डन डॉनने आकडे बदलले, आणि वेटने तेच ठेवले. मार्सेय वापरत असाल तर आकडा न बघता पानाचं नाव बघून रास द्या.

उरलेली सात ग्रहांची: मॅजिशियन बुध, हाय प्रीस्टेस चंद्र, एम्प्रेस शुक्र, व्हील ऑफ फॉर्च्यून गुरू, टॉवर मंगळ, सन रवी, वर्ल्ड शनी. ज्योतिष येणाऱ्याची खरी फसगत इथे होते. आपल्या शास्त्रात बुध पृथ्वीतत्त्वाचा आणि शनी वायुतत्त्वाचा. इथे बुध वायू आणि शनी पृथ्वी. म्हणजे बरोब्बर शत्रू-मित्र उलटे. मंगळ आणि रवी अग्नी, चंद्र जल, यावर वाद नाही. शुक्र आणि गुरू यांवर जाणकारांतही मतं फुटतात. एम्प्रेस पृथ्वी आणि व्हील अग्नी ही वाटणी सरावात सरस ठरते, पण एम्प्रेसला जल देणारेही आहेत. एक ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका. पानं समोर आल्यावर ‘आज शुक्र जल धरू’ म्हणणं म्हणजे निकाल पाहून नियम करणं.

आता दोन ते दहा आकड्यांची ३६ पानं. राशिचक्राचे १०-१० अंशांचे ३६ तुकडे आणि ही ३६ पानं यांची सांगड गोल्डन डॉनने घातली. द्रेष्काण म्हणाल तर तुकडा तोच, स्वामी मात्र वेगळे. आपल्याकडे द्रेष्काणाचे स्वामी त्या राशीचा, तिच्यापासून पाचव्या आणि नवव्या राशीचा. इथे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने ग्रह चालत राहतात. चर राशींना २, ३, ४, स्थिर राशींना ५, ६, ७ आणि द्विस्वभाव राशींना ८, ९, १० हे आकडे. मेषेची पानं टू ऑफ वाँड्स मंगळाचं, थ्री रवीचं, फोर शुक्राचं. पुढे वृषभेत फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स बुधाचं, असं. ३६ला ७ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून मीनेचा शेवटचा तुकडा, टेन ऑफ कप्स, पुन्हा मंगळाकडे येतो आणि लगेच मेषेचा पहिलाही मंगळाचाच.

कुंडली येणाऱ्याला इथे मजा येते. फाइव्ह ऑफ वाँड्स म्हणजे सिंहेत शनी: रवीच्या घरात शनी बसल्यावर कलह होणार, हे वेगळं सांगावं लागत नाही. नाइन ऑफ कप्स म्हणजे स्वराशीचा, मीनेचा गुरू. पानाचं नाव ‘ऐहिक सुख’. पण थ्री ऑफ स्वोर्ड्सवर थांबा. तूळ ही शनीची उच्च रास, तरी पान ‘शोक’ सांगतं. कारण या चौकटीत तीन हा आकडा जीवनवृक्षावरच्या (कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतल्या दहा स्थानांच्या, म्हणजे सेफिरांच्या, आराखड्यावरच्या) बीना या तिसऱ्या स्थानाचा, आणि बीना स्वतः शनीची. उच्चीचा शनी इथे शोक टाळत नाही, त्याला वजन देतो. टेन ऑफ स्वोर्ड्स (मिथुनेत रवी, ‘विनाश’) तर ग्रहाने उलगडतच नाही. तिथे सूट आणि दहाचा आकडा यांवरच भागवावं लागतं. ही चौकट ३६च्या ३६ ठिकाणी चपखल बसते असं सांगणारा तुम्हाला काहीतरी विकतोय.

राशी सगळ्या सायन धरल्या जातात, आपल्या पंचांगातल्या निरयण नाहीत. सायन मकर २१-२२ डिसेंबरला लागते, आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास. एवढा फरक प्रत्येक राशीला आहे. शिवाय मराठी माणूस ‘माझी रास कर्क’ म्हणतो तेव्हा तो बहुधा चंद्ररास सांगतो. पृच्छकाला रास विचारू नका, जन्मतारीख विचारा.

हे सिग्निफिकेटर, म्हणजे पृच्छकाचं प्रतिनिधी पान, निवडताना लगेच लागतं. बुक टीत ते वर्णावरून निवडायला सांगितलंय: तांबूस केसांचा फार गोरा माणूस वाँड्स, गोरा कप्स, काळसर स्वोर्ड्स, फारच काळा पेंटॅकल्स. व्हिक्टोरियन लंडनमध्ये चाललं असेल. इथे त्या हिशेबाने अख्खा महाराष्ट्र स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्समध्ये जाईल. त्यापेक्षा सूर्यावरून निवडा. कोर्ट कार्डं (किंग, क्वीन, नाइट, पेज), पेज सोडून, एका राशीच्या २० अंशांपासून पुढच्या राशीच्या २० अंशांपर्यंत चालतात. क्वीन ऑफ स्वोर्ड्स कन्या २० ते तूळ २०, म्हणजे साधारण १२ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर. राण्या चर राशींच्या, हे पक्कं. किंग आणि नाइट यांच्यात मात्र डेकप्रमाणे अदलाबदल होते, कारण बुक टीतला राजा घोड्यावर आहे आणि वेटचा सिंहासनावर. तिथे स्वभाव आणि वय बघून निवडलेलं बरं.

आता मोजणी. बुक टीतल्या मोठ्या विधीचे पाच टप्पे आहेत; पहिला आला तरी रोजच्या प्रश्नांना पुरतो. सिग्निफिकेटर कॅटमध्येच ठेवून पृच्छकाकडून पत्ते पिसून घ्या. प्रश्न त्याने मनात धरायचा, तुम्हाला सांगायचा नाही. मग कॅट साधारण मध्यावर काटून वरचा भाग डावीकडे ठेवा. दोन्ही भाग पुन्हा तसेच काटा. चार गठ्ठे झाले, ते उजवीकडून डावीकडे मोजायचे: पहिला काम-धंद्याचा, दुसरा प्रेम, लग्न आणि सुखाचा, तिसरा त्रास, नुकसान आणि भांडणाचा, चौथा पैसा आणि मालमत्तेचा. प्रत्येकात साधारण १९-२० पानं येतात. सिग्निफिकेटर ज्या गठ्ठ्यात सापडेल त्यावरून प्रश्न कशाबद्दल आहे ते तुम्ही सांगायचं. चुकलं तर वाचन तिथेच थांबवायचं. हा भाग सगळे गाळतात, कारण मान खाली जाते. पण पद्धतीत स्वतःला तपासायची एवढी एकच जागा आहे. ती गाळली तर पुढचं सगळं हवेत.

तो गठ्ठा क्रम न मोडता, पानं सुलटी करून, ओळीत मांडा. ओळीचं शेवटचं पान पहिल्याला जोडलेलं धरायचं. सिग्निफिकेटर ज्या दिशेला बघतो त्या दिशेला मोजायचं, आणि ज्या पानावरून निघतो ते पानच ‘एक’ धरायचं. इथेच नव्वद टक्के मोजण्या बिघडतात. लोक पुढच्या पानाला एक म्हणतात. एस (एक्का) असेल तर ५, किंग-क्वीन-नाइटला ४, पेजला ७, आकड्यांच्या पानांना त्यांचा आकडा, मेजरमध्ये तत्त्वाचं पान ३, ग्रहाचं ९, राशीचं १२. आधी टेकलेल्या पानावर पुन्हा आलो की थांबायचं. समोर बघणारं कोर्ट कार्ड असेल तर दिशा पिसण्याआधी ठरवून टाका.

१३ पानांचा छोटा गठ्ठा घेऊ. डावीकडून: टू ऑफ स्वोर्ड्स, एट ऑफ वाँड्स, मून, टू ऑफ कप्स, क्वीन ऑफ स्वोर्ड्स, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, एस ऑफ वाँड्स, सिक्स ऑफ स्वोर्ड्स, टॉवर, नाइन ऑफ पेंटॅकल्स, पेज ऑफ कप्स, फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स, थ्री ऑफ पेंटॅकल्स. गठ्ठा कामाचा निघाला आणि पृच्छक बाईंनी होकार दिला असं धरा.

क्वीन ऑफ स्वोर्ड्स वेटच्या डेकमध्ये उजवीकडे बघते. तिच्यापासून चार मोजले की सिक्स ऑफ स्वोर्ड्स. तिथून सहा, ओळीचं शेवटचं थ्री ऑफ पेंटॅकल्स. तिथून तीन, वळसा घेऊन एट ऑफ वाँड्स. तिथून आठ, टॉवर. टॉवर ग्रहाचं म्हणून नऊ, टू ऑफ कप्स. तिथून दोन, पुन्हा क्वीन, मोजणी संपली.

आता प्रत्येक टेकलेल्या पानाला त्याच्या दोन शेजाऱ्यांसकट वाचा. सिक्स ऑफ स्वोर्ड्स एस ऑफ वाँड्स आणि टॉवर यांच्यामध्ये, दोन्ही अग्नी: स्वतःच्या हिमतीवर जागा बदलण्याचा विचार जोरात आहे. थ्री ऑफ पेंटॅकल्स दोन स्वोर्ड्समध्ये अडकलंय: हातातलं एकत्र काम पार दुबळं, एकीकडे हरल्याची सल आणि दुसरीकडे वरवरची तडजोड त्याला खातेय. एट ऑफ वाँड्स टू ऑफ स्वोर्ड्स आणि मून यांच्यामध्ये, वायू मध्यस्थ: निरोप लवकर येईल, पण निम्मा धूसर असेल, लेखी मागून घ्यावा. टॉवरच्या एका बाजूला वायू, दुसरीकडे पृथ्वी. ती आपसात शत्रू, म्हणून टॉवर आपल्या बळावर उभा: जुनी घडी मोडणार, आणि ती या बाईंच्या काही करण्या-न करण्याने मोडणार नाही. टू ऑफ कप्सला मून आणि क्वीन दोघंही साथ देतात: शेवट दोघांच्या सामंजस्यावर, बहुधा नव्या भागीदारीवर. तेरात चार स्वोर्ड्स आहेत हेही सांगा. हे सगळं वादावादीतून आणि कागदपत्रांतून जाणार.

ही गोष्ट एका दमात बोलून झाली की जोड्या. क्वीनच्या दोन्ही बाजूंची पानं जोडीने बाहेर बाहेर घ्यायची. टू ऑफ कप्स आणि सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, जल-पृथ्वी: भागीदारी जमेल पण फळ उशिरा. मून आणि एस ऑफ वाँड्स, जल-अग्नी: नव्या सुरुवातीला भीतीने खीळ. पुढे एट ऑफ वाँड्स–सिक्स ऑफ स्वोर्ड्स, टू ऑफ स्वोर्ड्स–टॉवर, थ्री–नाइन ऑफ पेंटॅकल्स, आणि शेवटी फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स–पेज ऑफ कप्स. जोड्यांनी नवी गोष्ट सुरू करू नका. मोजणीत आलेल्या गोष्टीचा तपशील भरा. थ्री–नाइनची जोडी इथे उपयोगी पडते: काम दुबळं असलं तरी त्यातून मिळालेला पैसा हातचा जात नाही.

सगळं एकदम उचलू नका. पहिले काही आठवडे प्रश्नच न विचारता तीन-तीन पानं काढा आणि फक्त मधलं पान बळकट, मध्यम, दुबळं की अलिप्त एवढं मोठ्याने सांगा. अर्थ सांगायचा मोह आवरा. हे बोटांवर बसलं की मोजणी घ्या, तीही आधी १०-१२ पानांवर. द्रेष्काणं त्यानंतर, आणि त्यांवरून तारखा सांगायला लगेच धावू नका, पान बळकट असेल तेव्हाच ते दहा दिवस विचारात घ्या. आजार आणि कोर्टकचेरीचे प्रश्न ‘त्रास, नुकसान’च्या गठ्ठ्यात निघाले तर डॉक्टर आणि वकिलाकडे पाठवा, गठ्ठा रोग ओळखत नाही. हिब्रू अक्षरं आणि जीवनवृक्ष सगळ्यात शेवटी, विधीचा पाचवा टप्पा करायला घ्याल तेव्हा, कारण त्यात जीवनवृक्षाच्या दहा सेफिरांवर पूर्ण कॅट वाटावा लागतो आणि प्रत्येक सेफिराचा स्वभाव माहीत नसेल तर पानं नुसती दहा ढिगांत पडून राहतात.